तिसऱ्या मजल्याचं नेट

आमच्या मजल्यावर सात खोल्या होत्या, एक नळ होता आणि नळाशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेला एक काळा चौकोन होता. त्या चौकोनावर माझी आई रोज संध्याकाळी खडूने सात आकडे लिहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या खोलीने कितव्या नंबरवर पाणी भरायचं, ते. आज जो पहिला तो उद्या शेवटी, बाकीचे एकेक घर वर. घाटकोपरच्या आमच्या त्या इमारतीत पाणी सकाळी दीड तास यायचं आणि शेवटच्या नंबराला धार करंगळीएवढी व्हायची, म्हणून ही फिरती यादी. आई चौथीपर्यंत शिकलेली, हिंगोलीकडच्या एका गावातून लग्न होऊन आलेली. हे काम तिच्याकडे कसं आलं ते मला ठाऊक नाही. पण तिने लिहिलेल्या आकड्यावर कुणी वाद घातल्याचं मी ऐकलेलं नाही. सकाळी मी अंथरुणातच असायचो आणि आवाजावरून मला कळायचं की आता कुणाचं चाललंय. रिकाम्या हंड्यात धार पडते तेव्हा आवाज जाड असतो, हंडा भरत आला की तो बारीक बारीक होत जातो. पेडणेकरांचा पितळी हंडा तर शेवटी शिट्टीच मारायचा.

सगळ्यांचं भरून झालं की नळाखाली एक निळी बादली भरून ठेवायची, हा आमच्या मजल्याचा रिवाज. ती कुणाचीच नव्हती. ज्याची वेळ चुकली, जो पाळीवरून उशिरा आला, ज्याच्या घरी अचानक पाहुणे आले, त्याने ती न विचारता न्यायची. संध्याकाळपर्यंत कुणी नेली नाही तर आई ती गॅलरीतल्या तुळशी-ओव्याला घालायची. सातव्या नंबरवर आमची पाळी असली आणि धार तुटत आली, तरी आई आधी ती निळी बादली भरायची आणि मग आमची कळशी. मी चिडायचो. ती म्हणायची, "तुला एक दिवस कमी पाण्यानं काय होतंय? गोरा व्हायचाय का?"

हे सगळं आधी सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते या नळापासून दहा पावलांवर केलं, आणि मला काहीच दिसलं नाही.

मी तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होतो. मजल्यावरच्या चार घरांनी मिळून नेटचं एक कनेक्शन घ्यायचं ठरवलं, ते माझ्याच डोक्यातून निघालं होतं. तोवर नेट म्हणजे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतली प्लायवूडची खुराडी. केबलवाल्याची वायर जिन्याकडून यायची आणि जिन्याला लागून आमची खोली, म्हणून वायर आमच्या घरात आली. आता ती चार घरांत वाटायची कशी? माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करायचे. त्यांच्या गाळ्यावरचं एक ऑफिस बंद झालं आणि ऑफिसवाल्यांनी टाकून दिलेल्या सामानात एक वायरलेस राउटर होता. अण्णांनी तो तेलाने काळ्या झालेल्या फडक्यात गुंडाळून घरी आणला. दोन अँटेना, समोर पाच दिवे. "चालतोय का बघ. नाही तर याच्या डब्यात स्क्रू ठेवीन," ते म्हणाले. तो चालत होता. अण्णांनी त्याच्यासाठी लेथवर एक लोखंडी ब्रॅकेट करून आणला, कडा घासून गुळगुळीत केलेला, राउटर बसला की केसभरही हलणार नाही असा. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची अशा तसबिरी होत्या, त्यांच्या उजव्या अंगाला तो ठोकला. आई रोज तसबिरी पुसायची, त्याच फडक्याने राउटरही पुसायला लागली.

त्या राउटरने मला जो रुबाब दिला, तो आजतागायत कुठल्याही नोकरीने दिला नाही. पहिल्या रविवारी मी एका मित्राचा लॅपटॉप हातावर घेऊन गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, मागे सगळा मजला. कुठे सिग्नलच्या चार दांड्या, कुठे दोन. चार घरांपैकी सगळ्यात लांबचं घर पेडणेकरांचं, तिथे एकही दांडी नाही. पेडणेकर काका छापखान्यात पहाटेच्या पाळीला, काकू मालवणकडच्या, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. मी त्यांच्या खोलीत तासभर इकडेतिकडे फिरलो, तेव्हा सापडलं की दारालगतचं लोखंडी कपाट आड येतंय. कपाट हलवायला जागा नव्हती. पण त्याचं दार सताड उघडलं की दोन दांड्या यायच्या, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तेव्हापासून नेट हवं असलं की काकूंना कपाट उघडं ठेवावं लागायचं आणि त्यांच्या सगळ्या साड्या, त्यामागची बिस्किटांची पुडकी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायची. "मेल्या, माझो संसार रस्त्यार मांडलंस!" त्या म्हणायच्या आणि सुक्या जवळ्याची चटणी वाटीत घालून माझ्या हातात द्यायच्या. आमच्याकडून त्यांच्याकडे चकोल्या जायच्या. ती वाटी रिकामी परत जात नसे, या दारची त्या दारी, वर्षानुवर्षं.

त्यांची मुलगी जुईली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बारावी झालेली. तिला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं, आणि हे ती कुणाला सांगत फिरायची नाही. पण पावसाळ्यात गॅलरीत पाणी साचलं की सगळे शिव्या द्यायचे आणि ही उकिडवी बसून बोटाने दाखवायची, "उतारच उलटा दिलाय यार. मोरी तिकडे, उतार इकडे. कोणी बांधलंय हे?" दुबईच्या मामाने तिला लॅपटॉप पाठवला होता. मार्क चांगले होते, पण मुंबईतल्या कॉलेजात सीट मिळेल न मिळेल अशा काठावरचे. पेडणेकर काकांनी एकदाच सांगून टाकलं होतं की शिकायचं ते घरून जाऊन-येऊन, होस्टेल जमणार नाही. काकूंना दम्याचा त्रास होता, स्वयंपाक अर्धा जुईलीच्या हातात होता. म्हणजे मुंबईत नंबर लागला तर सिव्हिल, नाही तर नाही. हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे.

नेट सुरू होऊन सहा-सात महिने झाले असतील. मी एक वही ठेवली होती. कुणाच्या घरी कोणतं मशीन, कधी बंद पडलं, काय दुरुस्त केलं, सगळं लाल शाईत. लोक मला दारावरून हाक मारायचे, "मिलिंद, नेट गेलं रे!" आणि मी जेवण अर्धं टाकून उठायचो. खरं सांगायचं तर नव्वद टक्के वेळा मी राउटर बंद करून दहा आकडे मोजून पुन्हा चालू करत असे, बस. पण ते करताना मी कपाळाला आठ्या घालायचो. लोकांना वाटायचं काहीतरी मोठं चाललंय. नेट गेलं की ते का गेलं हे फक्त मी सांगू शकत होतो, आणि मी जे सांगेन ते खरं, असा तो काळ होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला इतका विश्वास मिळणं चांगलं नव्हे.

मग नेट हळू झालं. राउटरच्या पानावर कोणकोणती मशीन जोडलेली आहेत ते दिसतं. एका सकाळी मी पाहिलं तर पाचाच्या जागी सात. दोन अनोळखी. म्हणजे कुणीतरी पासवर्ड बाहेर दिला होता. मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून मी गॅलरीत गेलो. माझा संशय जुईलीवर होता, कारण आदल्या आठवड्यात तिच्या दोन मैत्रिणी लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. ती नळाशी तांदूळ धूत होती.

"पासवर्ड कुणाला दिलास?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"कुणाला नाही."

"दोन मशीन जास्त दिसतायत."

"मग माझ्यापाशी काय बघतोस? बाकीच्यांना विचार ना."

"तुझ्या मैत्रिणी आल्या होत्या."

तिने तांदळाचं पाणी मोरीत ओतलं, माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "दिला असता तर दिला म्हटलं असतं. आणि तू एवढा कशाला उडतोयस रे? तू काय टॉवर आहेस?"

सगळी गॅलरी हसली. कोपऱ्यावरचे आजोबाही हसले. मी पण हसल्यासारखं केलं आणि घरात आलो. आज हे लिहिताना कळतं की ते किती साधं वाक्य होतं. त्या दिवशी कानात तापत राहिलं.

राउटरमध्ये एक सोय असते. प्रत्येक मशीनचा स्वतःचा एक नंबर असतो, जन्मखुणेसारखा. राउटरला आपण अशा नंबरांची यादी देऊ शकतो, आणि मग पासवर्ड माहीत असला तरी यादीत नाव नसलेल्याला तो आत घेत नाही. सगळ्यांचे नंबर माझ्या वहीत होतेच. मी दुपारी बारा वाजता बसून यादी केली. एकेक नंबर घातला, नीट तपासला. जुईलीच्या लॅपटॉपचा घातला नाही. विसरलो नाही, वहीत त्या ओळीवर बोट ठेवलं आणि खाली गेलो. यादी चालू केली. दोन अनोळखी मशीन गेली आणि तिसरं तिचं गेलं.

त्या दिवशी पाच वाजता इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मची मुदत संपत होती. कोणती कॉलेजं, कोणत्या क्रमाने हवी, ते नेटवर भरून पक्कं करायचं. नाही केलं तर त्या फेरीतून तुम्ही बाहेर. काका पाळीवरून दोनला येणार आणि मग बापलेक मिळून क्रम ठरवून फॉर्म भरणार, हे जुईलीने मला आदल्या दिवशी स्वतः सांगितलं होतं. "उद्या दुपारी तेवढं नेट नीट ठेव हां बाबा," असं म्हणाली होती.

अडीचच्या सुमारास ती आमच्या दारात आली. सकाळचं भांडण तिच्या तोंडावर कुठेच नव्हतं. "मिलिंद, नेट नाहीये रे."

मी म्हणालो, "वरूनच गेलंय. केबलवाल्याला फोन केलाय. येईल तासाभरात."

मी फोन केला नव्हता. वरून काही गेलं नव्हतं. माझ्या मागे राउटरचे पाचही दिवे लुकलुकत होते आणि ती ते बघत होती, पण दिव्यांचा अर्थ काय हे मीच सांगणार होतो ना. "नक्की येईल ना? नाही तर मी सायबरला जाते," ती म्हणाली. "तिथे आज तुडुंब गर्दी असेल," मी म्हणालो, "कशाला जातेस? इथेच येईल." ती गेली आणि गॅलरीत जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली, जिथे दांड्या जास्त येतात तिथे. काका शेजारी कॉलेजांची नावं लिहिलेला कागद घेऊन उभे. मला ते दारातून दिसत होते. माझा बेत साडेतीनला तिचा नंबर यादीत घालायचा होता. एक तास थांबायला लागलं की तिला कळेल टॉवर कोण आहे ते, एवढाच.

सव्वातीनला अण्णांचा फोन आला. कारखान्याच्या मालकाचा कॉम्प्युटर बंद पडलाय, पंधरा मिनिटं येऊन जा. मला वाटलं, रिक्षाने गेलो आणि आलो की झालं, चारला आलो तरी एक तास उरतो. पायरीवरून उतरताना मी जुईलीला म्हणालोसुद्धा, "येतंय, येतंय." साकीनाक्याला जाताना लागली पंचवीस मिनिटं, येताना रस्ता खणलेला होता आणि त्यात एक ट्रेलर आडवा झालेला. मी रिक्षा सोडून चालत निघालो, मग पळत. घरी पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. पायरीवर कुणी नव्हतं. मी शर्टाच्या बाहीने घाम पुसत तिचा नंबर यादीत घातला. पेडणेकरांच्या खोलीत कपाटाचं दार उघडं होतं, साड्या दिसत होत्या, आणि काकू एकट्या बसल्या होत्या. वाट बघून बघून साडेचारला बापलेक सायबर कॅफेला गेले होते.

साडेसहाला दोघं परत आली. सायबरमध्ये खुर्ची मिळेपर्यंत पावणेपाच झाले होते. कॉलेजं भरून झाली आणि फॉर्म पक्का करायच्या पानावर गोल चक्र फिरत राहिलं ते पाच वाजून गेले तरी फिरतच होतं. जुईली रडली नाही. तिने घरात जाऊन कपाटाचं दार लावलं. त्याचा कर्र आवाज मला आमच्या खोलीत ऐकू आला.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती, शेंगदाण्याची चटणी होती. मी ताटावर नुसता बसलो होतो. आई म्हणाली, "त्या पोरीचं कसं काय झालं रे? नेट तर होतं ना? कोपऱ्यावरचे आजोबा मॅच बघू लागले होते दुपारी."

मी खाली बघून म्हणालो, "मी बंद केलं होतं. तिच्यापुरतं. तिने पासवर्ड बाहेर वाटला म्हणून."

आईने तव्यावर टाकलेली भाकरी उलटायची राहिली. "पासवर्ड? तो तर मी दिला."

दुसऱ्या मजल्यावर लिसी नावाची केरळची नर्स राहायची, आणखी एका नर्सबरोबर. तिची चार वर्षांची मुलगी गावी आजीकडे होती. जिन्यात आईशी बोलताना तिने सांगितलं होतं की नेट असतं तर लेकरू दिसलं असतं. मी पासवर्ड एका कागदावर लिहून कॅलेंडरच्या मागे चिकटवला होता. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने एकेक अक्षर चित्र काढावं तसं खडूने पाटीवर उतरवलं आणि पाटी लिसीला नेऊन दाखवली. "मला काय ठाऊक द्यायचं नसतं म्हणून? मागितलं, दिलं. आपलं काय कमी झालं?" मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू त्या पोरीला काय सांगितलंस? बंद केलंय म्हणून सांगितलंस?"

"नाही. वरूनच गेलंय म्हटलं. येईल म्हटलं."

तव्यावरची भाकरी जळायला लागली होती. आईने ती काढली, तवा उतरवला, गॅस बंद केला. तिने आम्हाला गावाच्या गोष्टी फारशा सांगितल्या नव्हत्या. त्या दिवशी सांगितली, तीही रागाने नाही, जेवणाच्या ताटाशी बोलावं तसं.

"आमच्या गावात विहिरीवर आम्हाला चढू द्यायचे नाहीत. वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. पण तोंडावर नाही म्हणायचे नाहीत रे ते. नाही म्हटलं असतं तर आई नदीला गेली असती. ते म्हणायचे, आज पाणी खाली गेलंय, थांबा जरा, चढेल. आम्ही घागरी घेऊन बसायचो. समोर पोहऱ्यानं पाणी निघतंय, दिसतंय, आणि आम्ही बसलोय. ऊन डोक्यावर येईस्तोवर." तिने माझ्याकडे पाहिलं. "जा. जाऊन सांग तिला. आत्ता."

मी गेलो. पेडणेकरांचं दार लोटलेलं होतं. काकूंनी उघडलं. त्यांना दम लागला होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुझो काय दोष रे झिला? तू तरी काय करतलंस? केबलवाल्याक फोन केलंस, धावत इलंस. माका सगळा दिसला. घामान भिजल्लंस." आतून जुईली बघत होती. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. काकांनी मला बसायला सांगितलं. काकूंनी माझ्या हातावर एक बेसनाचा लाडू ठेवला. तो लाडू हातात घेऊन मी पाच मिनिटं बसलो आणि उठलो. एक शब्द बोललो नाही.

घरी आलो तर आई दारातच उभी होती. "सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातल्या लाडवाकडे पाहिलं आणि आत गेली. पुन्हा तिने हा विषय कधीच काढला नाही. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी मी ती नंबरांची यादी पुसून टाकली आणि लिसीला स्वतः जाऊन सांगितलं की वापरा. पुढच्या फेरीत जुईलीचा नंबर लागला, पण रात्रभराच्या प्रवासावरच्या गावात. काका नाहीच म्हणाले. तिने घाटकोपरलाच बीएस्सीला नाव घातलं, गणित घेऊन. त्या वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती मी आईच्या थकव्यावर ढकलली. नळाशेजारच्या काळ्या चौकोनावर आमच्या खोलीचा नंबर रोज शेवटी असायचा आणि पेडणेकरांचा रोज पहिला. मधले पाच फिरायचे, ही दोन टोकं हलायची नाहीत. आई गुडघे धरून करंगळीएवढ्या धारेखाली आधी निळी बादली भरायची, मग आमची कळशी. मी एकदा म्हणालो, "आई, तुझं यादीत काहीतरी चुकतंय." ती म्हणाली, "चुकत नाहीये." पुढच्या जूनपर्यंत, म्हणजे पूर्ण वर्ष, हे चाललं. मग एक दिवस यादी पुन्हा फिरायला लागली.

आता मुलुंडला माझा स्वतःचा धंदा आहे, इमारतींमध्ये नेटचं जाळं बसवून देण्याचा. हाताखाली अकरा माणसं आहेत आणि मी कामात चोख आहे, हे मी संकोच न करता लिहितो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: बंद तुम्ही केलं असेल तर मी केलंय म्हणा. "वरून गेलंय" हे शब्द माझ्या ऑफिसात खोटे वापरले तर नोकरी जाते. एकाची गेली आहे. तो मला अजून विक्षिप्त समजतो. अण्णा गेले, मग तीन वर्षांपूर्वी आई गेली. इमारत पाडून तिथे नवी झाली, पेडणेकर आठव्या मजल्यावर आहेत, चोवीस तास पाणी. जुईली भांडुपच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. लग्नाकार्यात भेटते. मी दर वेळी तिच्याशी जरा जास्तच चांगलं वागतो आणि दर वेळी घरी येऊन माझी झोप जाते.

माझ्या पुस्तकातलं हे प्रकरण लिहून झालं तेव्हा छापायच्या आधी मी तिला वाचायला पाठवलं. वर फक्त एवढंच लिहिलं, "तुझ्याबद्दल आहे. तू नको म्हणालीस तर काढून टाकतो." दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे स्टाफरूमचा गलका होता.

"वाचलं," ती म्हणाली. "एक चूक आहे. मी पायरीवर नव्हते बसले. पाण्याच्या ड्रमवर बसले होते. पायरीवर पप्पा होते."

"बरं."

"आणि मला माहीत होतं."

फोन कानाला धरून मी उठलो आणि दार लावून घेतलं.

"त्याच आठवड्यात काकू आलेल्या. तुझी आई. मी एकटीच होते घरात. सगळं सांगितलं. नर्सचं, यादीचं, सगळं. म्हणाल्या, माझा पोरगा तुला सांगायला येईल, आज ना उद्या येईल, तोवर तू कुणाला बोलू नको. तो स्वतः आला पाहिजे. आणि एक वर्ष तुमचा नंबर पहिला. मी म्हटलं, काकू, नंबराने माझी सीट येणारे का? तर म्हणाल्या, नाही येणार बाळा, पण मला दुसरं काही येत नाही."

स्टाफरूममध्ये कुणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "एक मिनिट." मग मला म्हणाली, "दर लग्नात वाटायचं, आज बोलेल. तू आपला श्रीखंड वाढायला यायचास. वेडा झाला होतास का रे?"

"जुईली, मी..."

"थांब. माफ केलं वगैरे मी म्हणणार नाही. मला सिव्हिल हवं होतं यार. अजून कुठे खोदकाम दिसलं की मी उभी राहते. पण छाप. काकूंचं नीट आलंय त्यात." मग म्हणाली, "फक्त एक आहे. माझ्या आईला माहीत नाहीये. मी काकूंना शब्द दिला होता म्हणून नाही सांगितलं. ती अजून सगळ्यांना सांगते, मिलिंदान त्या दिवशी किती धावपळ केली म्हणून. परवा खालच्या वॉचमनलापण सांगत होती. पुस्तकात छापून यायच्या आधी तिला तू येऊन सांग."

"येतो," मी म्हणालो. "रविवारी येतो."

"ये. सकाळी ये. आणि आईला हल्ली ऐकू कमी येतं," जुईली म्हणाली. "मोठ्याने सांगावं लागेल."